उसने दगड

आधी मी दुसरी खिडकी काढली.
मग दाराची पितळी मूठ; तिच्या जागी
रेनडिअरच्या गळलेल्या शिंगाचा तुकडा, बेचाळीस ग्रॅम.
मग पलंगाचे पाय, मग पलंगच.
झोप आली की माणूस फळीवरही झोपतो, मी म्हणालो.
ऊडवार सुतार काही बोलला नाही.
कानामागची पेन्सिल काढून त्यानं
वजनाच्या रकान्यात नवा आकडा लिहिला.

हेलिकॉप्टर एका खेपेला सातशे किलो उचलणार होतं
आणि माझी खोली
(भूर्जाचं प्लायवूड, भिंतीत मेंढीची लोकर,
तळहाताएवढी शेगडी, बिनपाण्याचं संडास)
भरली सहाशे एक्क्याण्णव.
त्या रात्री ट्रॉम्सोत मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

जूनमध्ये ती फिनमार्कच्या पठारावर उतरली,
चार काटक्यांच्या पायांवर,
आत्ताच उभं राहायला शिकलेल्या वासरासारखी.
रिस्तेन दोन दिवस चालून आली.
तिचा कळप त्याच उतारावरून समुद्राकडे जातो.
खोलीकडे तिनं पाहिलंच नाही.
गुडघ्यांवर बसली, दगडफुलावर अंगठा टेकला:
हे पेरभर वाढेपर्यंत माझी लेक पाळण्यातून शाळेत गेली.
तुझं घर जाईल तेव्हा काय उरेल इथे?
चार ठिपके, मी म्हणालो. टाचेएवढे.
बरं, ती म्हणाली. आणि वाऱ्याला विचारलंस?

संगणकाला विचारलं होतं.

वाऱ्यानं ऑक्टोबरात सवडीनं उत्तर दिलं.
लिआँचं एक जोडपं आत, शेगडीवर चहाचं आधण,
आणि खोली सव्वा हात सरकली.
थेंबही सांडला नाही, ती बाई हसून सांगत होती,
कप दोन्ही हातांनी धरून.

मी पोलादी खुंट्यांचा नकाशा काढला.
रिस्तेननं तो उलटा धरला, सुलटा धरला, परत दिला.
भोक पाडलंस तर ते तुझंच राहील, म्हणाली.
दगड घे. पण उसने.

म्हणून एकसष्ट दगड.
प्रत्येकावर खडूनं नंबर, प्रत्येकाच्या खळग्यात
त्याच नंबरची खुंटी; वहीत नोंद,
कुठली बाजू आभाळाकडे होती याची.
फरशीखालच्या पेटीत ते कुशीला कुशी लावून बसले
आणि आठ महिने मी जेवढं वजन खरवडलं होतं
त्याच्या दुप्पट दोन दिवसांत परत आलं.
ऊडवार पहिल्यांदा शीळ घालताना ऐकला.

पाच वर्षं लोक आले, उत्तरेचा प्रकाश पाहून गेले,
काही जण न पाहता, ढगांवर रागावून.
मग परवान्याची मुदत सरली.
जूनच्या त्या लांबलचक, न मावळणाऱ्या दिवशी
आम्ही भिंती सोडवल्या
आणि दगड घरी पोचवायला निघालो.
पहिला, नववा, चाळिसावा. प्रत्येक जण
आपल्या खळग्यात असा बसला
की जणू पाठ खाजवून घ्यायला उठला होता.

सतरावा नाही बसला.
त्याच्या खळग्यात, शेजारच्या धोंड्याच्या आडोशाला,
हिमभारीट अंड्यांवर बसली होती.
नावात एवढा भार, अंगात पस्तीस ग्रॅम.
घरटं गवताचं, त्याला रेनडिअरच्या केसांचं अस्तर,
आणि मधोमध, पांढरी, पिंजून मऊ केलेली,
माझ्या भिंतीतली लोकर.

किती, ते कुणी तोललं नाही.
ऊडवारनं पेन्सिल काढली, ठेवून दिली.
रिस्तेन म्हणाली, पिल्लं उडू देत. ऑगस्टात ये.

त्याला तीन ऑगस्ट झाले.
अकरा किलोचा सतरावा माझ्या स्वयंपाकघराचं दार अडवून बसतो.
घरातल्या उबेत त्याच्यावरचं दगडफूल करडं पडलंय.
रात्री उठलो की मी त्याच्यावर
चमचाभर पाणी सोडतो,
आणि अंधारात कधी ठेच लागली
तर ओरडत नाही.